बावीस पेपरला प्रेसनोट पाठवली, एका ओळीचीही बातमी आली नाही, चुकलं कुठं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. करवीर तालुक्यात आजोबांपासूनचं गुऱ्हाळ, यंदा त्याच जागेत गूळ पावडरचं युनिट टाकलं, दिवाळी पाडव्याला उद्घाटन केलं, दुसऱ्या दिवशी प्रेसनोट करून बावीस ठिकाणी मेल केली आणि पंधरा दिवस झाले तरी कुठंच काही नाही. एका पेपरला फोन केला तर त्यांनी जाहिरात विभागाचा नंबर दिला. आता तुम्ही विचारताय की लिहिण्यात काही चुकलं की आपली वर ओळख नाही म्हणून असं झालं.

लिहिण्यात चुकलं, आणि पाठवण्याच्या वेळेत त्याहून जास्त चुकलं. ओळखीचाही भाग असतो थोडा, त्यावर खाली बोलतो. मी अकरा वर्षं एका मराठी दैनिकात डेस्कवर उपसंपादक होतो आणि त्यानंतर नऊ वर्षं टेबलाच्या ह्या बाजूला बसून छोट्या मोठ्या उद्योगांच्या प्रेसनोट लिहून देतोय, त्यामुळं तुमच्यासारख्या नोटा कचऱ्यात टाकायचं कामही मी केलंय आणि माझ्या स्वतःच्या नोटा कचऱ्यात गेलेल्याही बघितल्यात.

आधी डेस्क कसं चालतं ते बघा, कारण ते न बघितल्यानंच बाकी सगळं चुकतं. संध्याकाळचे साडेसात. तालुक्याच्या पानांची वेळ जवळ आलेली, डाक आवृत्ती, म्हणजे गावोगावी जाणारा अंक, शहर आवृत्तीच्या बऱ्याच आधी छापायला जाते, गाड्या लांब जायच्या असतात. एका उपसंपादकाकडं दोन पानं, त्याच्या मेलमध्ये शाळेच्या स्नेहसंमेलनाची नोट, पतसंस्थेच्या वार्षिक सभेची नोट, तीन मंडळांची रक्तदान शिबिरं, कुणाची तरी निवड, कुणाचा तरी सत्कार, आणि बातमीदारांच्या खऱ्या बातम्या वेगळ्याच. पानावर जाहिरात लागून उरलेली जागा कधी अर्धं पान तर कधी पाव. त्याला तुमचा गूळ गोड आहे की नाही ह्याच्याशी काही घेणं नसतं, त्याला सव्वाशे शब्दांचं असं काही पाहिजे असतं जे उचलून पानावर टाकता येईल आणि उद्या सकाळी संपादक विचारणार नाहीत की हे कशाला छापलं. प्रेसनोट त्या माणसासाठी लिहायची असते. गिऱ्हाईकासाठी पत्रक वेगळं छापा, पाहुण्यांसाठी निमंत्रणपत्रिका होतीच की.

आता तुमची नोट. पहिला परिच्छेद तुम्ही दिलाय तसाच इथं घेतो, नावं तेवढी काढलीत:

‘प्रति, मा. संपादक साहेब, आपल्या लोकप्रिय दैनिकात खालील बातमीस प्रसिद्धी मिळावी ही नम्र विनंती. दीपावली पाडव्याच्या शुभमुहूर्तावर अमुक उद्योग समूहाच्या अत्याधुनिक गूळ पावडर प्रकल्पाचा भव्य उद्घाटन सोहळा मा. श्री. अमुक यांच्या शुभहस्ते व मा. श्री. तमुक, मा. सौ. ढमुक व अनेक मान्यवरांच्या प्रमुख उपस्थितीत मोठ्या उत्साहात संपन्न झाला.’

राग मानू नका पण ह्यात बातमी शून्य आहे. उद्घाटन झालं ही बातमी तुमच्या घरासाठी आणि ज्यांची नावं आली त्यांच्यासाठी. डेस्कच्या लेखी ‘संपन्न’ म्हणजे श्रीमंत, सोहळा संपन्न होत नसतो, पार पडतो, डेस्कवरचा माणूस हा शब्द बघितला की आपोआप हात चालवतो. ‘शुभहस्ते’चं ‘हस्ते’ होतं, ‘मा. श्री.’ सगळे उडतात, ‘भव्य’ आणि ‘अत्याधुनिक’ उडतात, ‘मोठ्या उत्साहात’ उडतं. एवढं सगळं उडवल्यावर एक ओळ उरते, आणि त्या एका ओळीसाठी पाच मिनिटं घालवायची त्याला गरज नसते, पुढच्या मेलवर जातो.

पण तुमच्या नोटेत बातमी होती! शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, सूत्रसंचालन कुणी केलं आणि आभार कुणी मानले ह्याच्या आधी, तुम्ही लिहिलंय की ‘मध्यंतरी मजूर टंचाईमुळे गुऱ्हाळ दोन वर्षे बंद ठेवावे लागले होते’. आणि प्रश्नात तुम्हीच म्हणताय की ही ओळ काढणार होतो, बरं दिसत नाही म्हणून. अहो तीच तर बातमी. कोल्हापूर जिल्ह्यात गुऱ्हाळं एकामागून एक बंद पडतायत, चांगला गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, मिळत नाही, चुलवाणापुढं, म्हणजे रस उकळायच्या भट्टीपुढं, बसायला माणूस मिळत नाही, ऊस कारखान्याला जातो, हे इथल्या प्रत्येक वाचकाला माहिती आहे. त्यात एक बंद पडलेलं गुऱ्हाळ परत पेटतंय आणि ते रवा, म्हणजे गुळाची ढेप, सोडून पावडर करतंय म्हटल्यावर वाचक थांबणार. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा असंच होतं, ज्या गोष्टीची मालकाला लाज वाटते किंवा जी त्याला अगदी मामुली वाटते, त्याच्यातच बातमी असते आणि ज्याचा त्याला अभिमान असतो, नवीन मशीन, शुभहस्ते, तीन पिढ्यांची परंपरा, ते वाचणाऱ्याला कंटाळवाणं असतं. नवीन माणूस माझ्याकडं आला की मी त्याला पहिला प्रश्न हाच विचारतो की धंद्यातलं असं काय आहे जे तुम्ही पाहुण्यांना सांगत नाही.

मी ती नोट अशी केली असती. आकडे तुम्ही प्रश्नात दिलेत तेच घेतलेत, नावाच्या जागी अमुक ठेवलंय:

‘बंद पडलेल्या गुऱ्हाळात आता गूळ पावडर

करवीर तालुक्यातील कुटुंबाचा प्रयोग. ३८ शेतकऱ्यांचा ऊस

कोल्हापूर : मजुरांअभावी दोन हंगाम बंद असलेले अमुक गाव (ता. करवीर) येथील गुऱ्हाळ यंदा पुन्हा सुरू झाले आहे. मात्र तेथे आता तीस किलोच्या रव्यांऐवजी गूळ पावडर तयार होत आहे. परिसरातील ३८ शेतकरी या गुऱ्हाळाला ऊस देत आहेत.

गुऱ्हाळाची क्षमता दिवसाला ४०० किलो पावडरची आहे. रसातील मळी काढण्यासाठी भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरला जातो. रंग उजळ करण्यासाठी हायड्रोस पावडर वापरली जात नाही, असे गुऱ्हाळचालक अमुक यांनी सांगितले. पॅकिंगचे काम गावातील १२ महिला करतात.

“शहरातल्या घरात रवा फोडायचा कुणी, हाच प्रश्न असतो. आमचीच सून साखर वापरत होती. मग म्हटलं, चमच्यानं घालता येईल असा गूळ करू,” असे अमुक म्हणाले.

पावडर अर्धा आणि एक किलोच्या पाकिटात असून सध्या कोल्हापूर शहरातील ९ दुकानांत मिळते. यंदाचा हंगाम एप्रिलपर्यंत चालेल. प्रकल्पाचे उद्घाटन पाडव्याला अमुक यांच्या हस्ते झाले.’

शंभर-सव्वाशे शब्दांची नोट. उद्घाटन शेवटच्या ओळीत गेलं, आणि मुद्दाम गेलं, कारण जागा कमी पडली की डेस्क खालून कापतं. खालून एक परिच्छेद कापला तरी बातमी उभी राहते, दोन कापले तरी राहते, नुसता पहिला राहिला तरी सिंगल कॉलम होतो. शाळेत निबंधाला प्रस्तावना मग मुद्दे मग समारोप असं शिकवलंय त्याच्या नेमकं उलटं. इंग्रजीत पाच डब्ल्यू आणि एक एच म्हणतात, आपल्याकडं सोपं आहे, सगळेच ‘क’ आहेत, कोण, काय, कुठं, कधी, का, कसं. पहिल्या दोन तीन वाक्यांत ह्यातले चार तरी यायला पाहिजेत, आणि माझं मत विचाराल तर धंद्याच्या नोटेत ‘का’ सगळ्यात महत्त्वाचा, तोच नेमका नसतो. पावडरच का? आत्ताच का? तुमच्या सगळ्या जुन्या नोटेत एकदाही ‘कारण’ हा शब्द नव्हता, मी मोजलं.

मालकाचं वाक्य, म्हणजे ते कोट, ह्यात लोक सगळ्यात जास्त माती खातात. ‘हा प्रकल्प सुरू करताना आम्हाला अत्यंत आनंद होत असून ग्राहकांची सेवा हेच आमचे ब्रीद आहे’, असं कुठला जिवंत माणूस बोलतो? वरचं सुनेचं वाक्य मी रचलेलं नाही, तुम्हीच तुमच्या प्रश्नात जाता जाता लिहिलंय की घरातली सूनसुद्धा साखर वापरत होती, ते उचललं आणि सरळ केलं. पण आधी सुनेला विचारा हां, नाहीतर पेपरात आल्यावर घरात वेगळाच प्रकल्प सुरू व्हायचा. कोट एकच ठेवा, फार तर दोन, आणि त्यात आकडे भरू नका, आकडे बातमीत, कोटात माणूस.

आता एक गंभीर गोष्ट. तुमच्या नोटेत तीन वाक्यं अशी होती जी छापून आली नाहीत हे तुमचं नशीब समजा. पहिलं ‘महाराष्ट्रातील पहिलाच प्रकल्प’. डेस्कवर असताना मी एकदा असंच ‘पहिलाच’ एका नोटेतून तसंच जाऊ दिलं, दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत चार फोन, आम्ही सहा वर्षांपूर्वी केलंय म्हणून, आणि तिसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागला, त्या उद्योजकाची नोट परत आमच्या डेस्कनं कधी नीट वाचली नाही. ‘पहिला’ म्हणायचं तर कशात पहिला ते लहान करून म्हणा, आमच्या गावात पहिला म्हणा, नाहीतर सोडून द्या, गूळ पावडर काय आज निघाली नाही.

दुसरं, ‘मधुमेही रुग्णांसाठी वरदान’. हे अजिबात नको. गुळातही मुख्य साखरच असते, सुक्रोज, साखर वाढायची ती वाढतेच. वर १९५४ चा जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, त्यातल्या रोगांच्या यादीत मधुमेह आहे, आणि खाण्याच्या पदार्थाचे दावे कसे करायचे ह्याचे एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१८ चे नियमही आहेत. प्रेसनोट म्हणजे काय जाहिरात थोडीच, असा वाद घालता येईल, पण तोच मजकूर तुम्ही पुढं पाकिटावर आणि फेसबुकवर टाकणार, मग कुठं वाद घालत बसता. तिसरं ‘संपूर्ण ऑरगॅनिक’. भेंडी वापरली म्हणून ऑरगॅनिक होत नाही, ऊस कसा पिकवला त्याचं एनपीओपी किंवा पीजीएसचं, म्हणजे सेंद्रिय शेतीच्या सरकारी योजनांचं, सर्टिफिकेट पाहिजे. ३८ शेतकऱ्यांपैकी कुणाकडं आहे का? नसेल तर ‘हायड्रोस न वापरता’ एवढंच लिहा, ते खरं आहे आणि गुळातलं कळणाऱ्याला तेच जास्त भारी वाटतं. तसंच कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, तो टॅग पाकिटावर आणि नोटेत मिरवायचा तर ऑथराइज्ड युजर म्हणून तुमची नोंदणी लागते, ती झालीय का ते आधी बघा. झाली असेल तर मात्र पहिल्या परिच्छेदात घाला!

वेळेचं सांगतो, कारण तिथं तुम्ही सगळ्यात मोठी संधी घालवली. पाडव्याला शाहू मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे, म्हणजे हंगामातले पहिले लिलाव, निघतात, क्विंटलला काय दर फुटला ही त्या दिवसाची गुळाची बातमी, ती दरवर्षी असते आणि सगळे पेपर घेतात. तुम्ही भाऊबीजेला नोट पाठवली, म्हणजे सौद्याची बातमी होऊन गेलेली, डेस्कवर निम्मी माणसं सुट्टीवर आणि पानं जाहिरातींनी भरलेली. हीच नोट पाडव्याच्या चार-पाच दिवस आधी बाजार समिती बघणाऱ्या बातमीदाराला गेली असती तर सौद्याच्या बातमीला जोड म्हणून चौकट झाली असती, त्याला चौकट हवीच असते, दरवर्षी त्याच त्या सौद्यात नवीन काय लिहायचं हा त्याचाही प्रश्न असतो. दुसऱ्याच्या बातमीच्या पाठीवर बसायचं म्हणतात ते हे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरी चपलेसारख्या चपला दाखवल्या आणि आधी कोल्हापूरचं नावच घेतलं नाही तेव्हा केवढा गदारोळ झाला, मग त्यांनी कोल्हापुरीची प्रेरणा मान्य केली, त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. त्या पंधरा-वीस दिवसांत चपलेतला कुणीही कारागीर किंवा दुकानदार खरे आकडे घेऊन बोलला असता, एक जोड करायला किती दिवस, हातात किती पडतात, २०१९ ला जीआय मिळाल्यावर काय बदललं, तर त्याची बातमी कुणी नाकारली नसती. महिन्यानंतर तेच आकडे कुणी विचारत नाही.

वेळेचं साधं गणित असं, रविवारी सरकारी ऑफिसं, कोर्ट, महापालिका बंद, म्हणून सोमवारच्या अंकाला बातम्यांची चणचण असते, रविवारी दुपारी एक दोनच्या आत नोट गेली की नशीब जास्त. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला बऱ्याच पेपरांच्या ऑफिसला सुट्टी, म्हणजे दुसऱ्या दिवशी अंकच नाही. निवडणुकीचा निकाल, १ फेब्रुवारीचा अर्थसंकल्प, आणि आपल्याकडं पंचगंगेला पाणी वाढलेलं असताना, ह्या दिवसांत काहीही पाठवू नका. २०१९ च्या पुरात निम्मं कोल्हापूर पाण्यात असताना माझ्या जुन्या डेस्कवर एका फर्निचरवाल्याची ‘भव्य मान्सून सेल’ची नोट आली होती, तिच्या हेडिंगची आठवण काढून तिथं अजून कुणीतरी हसतं.

पाठवायची कशी ते पटकन सांगतो. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून मेलमध्येच पेस्ट करा. तुम्ही श्रीलिपी ह्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप करून पीडीएफ पाठवली, त्यातून कॉपी केलं की सगळी चिन्हं येतात, म्हणजे कुणीतरी बसून परत टाइप करायचं, ते कोण करणार? लेटरहेडवर प्रिंट काढून त्याचा फोटो पाठवणारे तर विचारूच नका. मेलच्या विषयात ‘प्रेसनोट’ किंवा ‘प्रसिद्धीसाठी’ लिहू नका, सगळेच तेच लिहितात, तिथं तुमचं हेडिंगच टाका, ‘बंद पडलेल्या गुऱ्हाळात आता गूळ पावडर, करवीर’. आणि बावीस पत्ते एका ओळीत दिसतील असा मेल करू नका हो, प्रत्येकाला कळतं की हे सगळ्यांना गेलंय, मग कुणालाच घाई नसते.

फोटो फीत कापतानाचा नको. फीत, नारळ, ओळीनं उभी चौदा माणसं, प्रत्येकाच्या हातात गुच्छ, असला फोटो लागला तर एवढासा लागतो आणि त्यात कुणीच ओळखू येत नाही. काहिलीत रस उकळतोय, वाफ निघालीय, गुळव्या फावडं घेऊन उभा आहे, असा एक फोटो, आणि पाकिटं भरणाऱ्या बायकांचा एक, आडवा, दिवसाउजेडी काढलेला. व्हॉट्सॲपवरनं पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला की तो बारीक होतो आणि छापल्यावर धुरकट दिसतो.

बावीस ठिकाणी एकच नोट हेही चुकलं. शहराच्या पानाला गावची गोष्ट पाहिजे. ॲग्रोवन २००५ पासून रोज नुसता शेतीचाच पेपर काढतोय, त्यांना तुमचं उद्घाटन नको, त्यांना ऊस कुठल्या जातीचा, टनाला किती गूळ उतरतो, पावडर सुकवायला काय लावलं, खर्च किती आला आणि शेतकऱ्याला टनामागं काय दिलं हे पाहिजे, आणि ते नोटेवरनं लिहिणार नाहीत, येऊन बघतील, म्हणून त्यांना नोट न पाठवता चार ओळींचं ‘या बघायला’ असं पत्र पाठवा. महिलांच्या पुरवणीला त्या बारा जणींची गोष्ट, त्यातली कुणी बोलायला तयार असेल तर. मुंबईच्या इंग्रजी पेपरला सध्या काहीच पाठवू नका, त्यांच्या दृष्टीनं अजून तुमच्यात काही नाही, दोन वर्षांनी बघू. अशी पाच ठिकाणं निवडा, पाचांना वेगळा पहिला परिच्छेद लिहा.

आता ओळखीचं आणि पैशाचं. जाहिरात द्या मग बातमी लावू, असं तुम्हाला सांगितलं हे काही नवीन नाही, तालुक्याच्या ठिकाणी बऱ्याच बातमीदारांना पगार नगण्य आणि जाहिरातीचं कमिशन हीच कमाई, त्यामुळं त्यांचंही एक आहे. माझं म्हणणं एवढंच की दोन्ही व्यवहार वेगळे ठेवा. जाहिरात द्यायची तर गिऱ्हाईक मिळेल म्हणून द्या, दिवाळीत किंवा संक्रांतीच्या आधी, गुळाला तेव्हा मागणी असते. बातमीच्या बदल्यात दिली तर पुढच्या वेळी परत द्यावी लागते आणि मग खरी बातमी असली तरी तुमचं नाव जाहिरातीच्या यादीतच राहतं. आणि पाकीट, पेनसेट, मिठाई ह्यांच्या नादाला लागू नका. ६ जानेवारीला पत्रकार दिन असतो, बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण १८३२ साली त्या दिवशी सुरू झालं म्हणून, त्या दिवशी एखाद्या बातमीदाराला फोन करून शुभेच्छा द्या आणि सांगा की गुळाच्या धंद्याबद्दल कधी काही विचारायचं असेल तर मला फोन करा. हीच ओळख. दर पडला, ऊस आंदोलन सुरू झालं, हायड्रोसवर धाड पडली, की त्याला एका गुऱ्हाळवाल्याचं मत पाहिजेच असतं, त्यात तुमचं नाव दोनदा आलं की तुमची तिसरी नोट तो स्वतः उघडून वाचतो. मला हे कळायला नोकरी सोडल्यावर दोन वर्षं गेली.

पाच-पाच हजारात पन्नास वेबसाईटवर प्रेस रिलीज लावून देतो म्हणणारे पण तुम्हाला फोन करतील, केले नसतील तर करतील. त्या साईटी कुणी वाचत नाही, लिंकमुळं गुगलवर वर याल म्हणतात तर गुगलनं २०१३ सालीच सांगितलंय की रँक वाढवायला प्रेस रिलीजमध्ये पेरलेल्या असल्या लिंका ते खोट्या धरतात. त्यापेक्षा तीच नोट तारखेसह तुमच्या स्वतःच्या साईटवर ठेवा, कुणी बातमीदार शोधत आला तर सापडेल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण खाण्याच्या धंद्यात आहात म्हणून सांगतो. वाईट बातमीचीही प्रेसनोट असते आणि ती जास्त कामाची असते. प्रेसनोट ह्या प्रकाराची सुरुवातच तिथनं धरतात, १९०६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात गेली, पन्नासच्या वर माणसं गेली. त्या काळी रेल्वे कंपन्या अपघात दाबायच्या. आयव्ही ली नावाच्या त्यांच्या माणसानं उलटं केलं, काय झालं ते कागदावर लिहून सगळ्या पेपरांना दिलं आणि बातमीदारांना जागेवर न्यायची सोय केली, न्यूयॉर्क टाइम्सनं तो मजकूर जसाच्या तसा छापला. उद्या तुमच्या एखाद्या आधणाच्या, म्हणजे एका वेळी उकळलेल्या रसाच्या, मालात काही निघालं, पाकिटात खडा निघाला, बुरशी निघाली आणि कुणी व्हिडिओ टाकला, तर त्याच दिवशी संध्याकाळच्या आत चार ओळी पाठवा, कुठला माल, कुठल्या तारखेचा, किती पाकिटं, परत कुठं द्यायची, तपासणीला कुठं पाठवलंय. ‘आमची बदनामी करण्याचा डाव’ हे वाक्य लिहायचा मोह होईल, लिहू नका.

नोट पाठवल्यावर एक फोन करायचा, एकच, सकाळी साडेअकरा बाराच्या सुमाराला, मिळाली का एवढंच विचारायचं, ‘कधी लावताय’ असं विचारायचं नाही, संध्याकाळी सहानंतर तर फोनच करायचा नाही. छापण्याआधी दाखवा म्हणायचं नाही. नाव चुकलं तर शांतपणे सांगायचं, आणि आकडा चुकला तर मात्र लेखी मेल करायचा, कारण तो आकडा पुढं कुणीतरी तिथनं उचलणार. नोटेखाली जो मोबाईल नंबर द्याल तो उचलणाऱ्या माणसाचा द्या, तुमचा फोन चुलवाणाजवळ ऐकू येत नसेल तर मुलाचा द्या, बातमीदार दुसऱ्यांदा करत नाही.

आत्ता लगेच काय करायचं म्हणाल तर उद्घाटनाची नोट आता विसरा, ती शिळी झाली. तुम्ही म्हणताय की पुढच्या महिन्यात शेतकऱ्यांचा पहिला हप्ता द्यायचाय. किती दिवसांत दिला आणि टनाला किती दिला हे जर कारखान्याच्या दराशेजारी ठेवून दाखवता आलं तर ती बातमी आहे, आणि ती ३८ घरांत वाचली जाणार. हप्ता शनिवारी द्या, दोन शेतकऱ्यांना विचारून त्यांचे नंबर घेऊन ठेवा, काहिलीपाशी फोटो काढा, फोटोत कोण कोण आहे ते डावीकडून नावानं लिहून काढा आणि रविवारी दुपारी पाठवा.